दोन दारं, एक चूल

"काय लिवालीस गं एवढं? हितं काय महाभारत घडालंय व्हय?"

डोक्यावरचा ज्वारीचा डबा गिरणीवाल्याच्या काट्यावर आदळत कौशल्याबाईने विचारलं. मी पिठाच्या गिरणीतल्या बाकड्यावर बसले होते. मांडीवर वही, केसांत पीठ. मी नुसती हसले. काट्यावर बारा किलो भरले, तेवढे लिहून घेतले.

"हसतीस काय? सांग की."

"काही नाही हो. कोण कोण दळायला येतं ते बघते."

"हे बघायला एवढं शिकलीस?" ती गिरणीवाल्याकडे वळली. "आरं इस्माईल, हिला चार बुकं कमी शिकवली असती तर हिचं लगीन तरी झालं असतं."

गिरणीत हशा पिकला. मीही हसले. वस्तीत मला 'वहीवाली' म्हणत, आणि वहीवालीची टिंगल करायची मुभा शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना होती. त्या बदल्यात ते मला कुठेही बसू देत.

ही गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची. शहराचं नाव सांगत नाही. का ते पुढे कळेलच. मी सव्वीस वर्षांची होते आणि मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करत होते. तोवर आमच्या विषयातली माणसं डोंगरात नाहीतर जंगलात जात. आमचे मुजुमदारसर म्हणाले, "जंगलात कशाला? तुझ्या घरामागच्या गल्लीत लोक कसे जगतात ते तरी तुला ठाऊक आहे का?" ठाऊक नव्हतं. म्हणून मी बंद पडलेल्या कापडगिरणीच्या मागे, नाल्याच्या काठाने पसरलेल्या चुनाभट्टी वस्तीत जाऊन बसले.

सरांची पद्धत ठरलेली. पहिला महिना प्रश्न विचारायचा नाही. आधी नकाशा काढायचा, दारं मोजायची, मग चुली मोजायच्या. "दार म्हणजे घर नव्हे," सर म्हणायचे, "एका चुलीवरचं जे खातात, ते घर." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

दारं मोजणं सोपं होतं. महापालिकेने प्रत्येक दारावर गेरूने आकडे घातलेले, एकूण दोनशे चौदा. चुली मोजणं अवघड. वेगळं रेशनकार्ड हवं म्हणून लोक एका चुलीच्या दोन सांगत, आणि चार लोकांत भाऊबंदकी दिसू नये म्हणून दोनची एकही सांगत. माणसाचा भरवसा धरण्यात अर्थ नव्हता. मग मला गिरणी सुचली. डबा काही खोटं बोलत नाही. कुणाचा डबा किती दिवसांनी येतो, केवढा येतो, घरात तोंडं किती, हे मी दोन आठवडे लिहीत बसले आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाले.

कौशल्याबाई गाडेकर म्हणजे त्रेसष्ट नंबरचं दार. ती, नवरा गेनबा, दोन मुलं, सून, नातू, एकूण सहा तोंडं. दर चार दिवसांनी डबा. सहा तोंडांना दहा किलो पुष्कळ झाले, तिचा डबा नेमाने बारा किलोंचा. आणि तिच्या भिंतीला भिंत लागून चौसष्ट नंबर, तिची विधवा थोरली जाऊ सुंद्राबाई. तिचा डबा दोन आठवड्यांत एकदाही आला नाही. धूर मात्र तिच्या पत्र्यावरून रोज सकाळी सातला निघायचा.

गिरणीत बसू लागल्यापासून पंधराव्या दिवशी मी, गेनबा पहाऱ्याच्या कामाला गेल्याचं बघून, त्रेसष्ट नंबरमध्ये गेले.

"कौशल्याबाई, तुमच्याकडे दोन किलो ज्वारी जास्त दळली जाते. आणि शेजारी मुळीच नाही."

ती लसूण सोलत होती. तिने ताट खाली ठेवलं, उठून दार लोटलं.

"कुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही."

 मग मांडणीखालचा पत्र्याचा डबा तिने बाजूला सरकवला. भिंतीच्या बुडाशी एक वीट सुटी होती. ती तिने काढली, फडक्यात गुंडाळलेल्या दोन भाकऱ्या आणि वाटीभर आमटी त्या भगदाडातून पलीकडे सरकवली. पलीकडून एक हात आला. तो एवढा थरथरत होता की वाटी धरायला दुसरा हात यावा लागला.

"आज लवकर गं कौशे?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"वहीवाली आलीया. तिला कळलंय."

कौशल्याबाईने वीट परत जागेवर बसवली.

मग कौशल्याबाईने मला सगळं सांगितलं. हे दोघे भाऊ, धोंडिबा आणि गेनबा, एकाच कापडगिरणीत कामाला. मोठा संप झाला तेव्हा गेनबा युनियनचा माणूस, गेटवर लाठ्या खाल्लेला. आणि थोरला धोंडिबा चौथ्या महिन्यात पोलिसांच्या गाडीत बसून कामावर गेला. त्या रात्री गेनबाने घराच्या मधोमध भिंत घातली आणि शपथ घेतली: फितुराच्या घरचं पाणी प्यायचं नाही, आणि आपल्या घरचं त्याच्या घरात जाऊ द्यायचं नाही. पुढे गिरणीच बंद पडली, धोंडिबाही मेला, पण शपथ काही मेली नाही. एकोणीस वर्षं गेनबा भावजयीशी एक शब्द बोलला नव्हता.

"तिचे हात असे कापाय लागले चार वर्सांमागं. पीठ मळता येईना. उपाशी मरंल का सांग? म्या वीट काढली. ह्यांना कळलं तर मला दारातनं भाईर काढतील. तू हे लिवू नको बाई."

"नावं बदलते मी. सगळ्यांचीच बदलते. कुणालाही कळणार नाही कोणाचं आहे ते."

"नाव बदललं की कळत न्हाई?"

"नाही कळत."

मला ते मनापासून खरं वाटत होतं, हे इथे सांगून ठेवते.

मग मी चौसष्ट नंबरमध्ये गेले. सुंद्राबाई चुलीपुढे बसली होती. साठीची, वाळून काटकी झालेली, पण लुगडं चापूनचोपून नेसलेली. चुलीवर नुसतं पाणी उकळत होतं.

"धूर निघाया पायजे," ती म्हणाली. "न्हाईतर लोक म्हणतील, म्हातारी दिराच्या जिवावर जगती."

"भिंत पाडून का टाकत नाही? आता तर भांडणारे भाऊही राहिले नाहीत. निदान एक तरी नाही."

ती हसली. पुढचे दोन दात नव्हते. "भिंत भावजींनी घातली, पण कामाला माझ्या आली. तुला सांगू? लग्न झालं तवा सासूच्या पायथ्याला झोपायची. मग नवरा. रोज पिऊन यायचा, येऊन काय करायचा ते इचारू नको. तो मेला तवा म्या पयल्यांदा ह्या दाराला आतनं कडी घातली. रातभर नुसती कडीकडं बघत बसली. आता मला कुणी हाकलणार न्हाई, कुणी उठवणार न्हाई. ह्या वस्तीत राजवाडा देत्याल तरी नको, माझं दार माझं असू दे."

"हे लिहू का मी?"

"नाव बदलतीस न्हवं? मग लिव. माझं नाव राणी ठेव."

मी राणी ठेवलं. त्या वर्षी माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण झालं 'दोन दारं, एक चूल'. शहरातले गरीब लोक कागदावर वेगळे आणि पोटाने एक कसे असतात, भिंतीतल्या एका विटेवर माणुसकी कशी उभी असते, वगैरे. सरांनी ते एका बैठकीत वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. "रोहिणी, या एका प्रकरणावर तुला पदवी मिळेल." मीही मग थोडी रडले. स्वतःच्या लिखाणावर रडायची ती पहिलीच वेळ.

आठ महिन्यांनी महापालिकेने नाला रुंद करायचं काढलं. चुनाभट्टी उठणार, आणि शहराबाहेर माळावर बांधलेल्या चाळींत प्रत्येक कुटुंबाला एक खोली मिळणार. कुटुंबं किती, हे शोधायचं काम आमच्या संस्थेकडे आलं. सरांनी मला बोलावलं.

"तुझे तक्ते तयारच आहेत की. नव्याने कशाला फिरायचं? तुझ्याइतकं काटेकोर काम महापालिकेच्या बापाला जमायचं नाही."

"सर, ती माणसांची खाजगी माहिती आहे."

"नावं तू बदललीच आहेस. मग अडचण काय?"

अडचण काय, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. म्हणजे सुचलं नाही असं नाही. कुठेतरी टोचत होतं. पण प्रबंध तपासायला सरांकडेच होता, आणि टोचलेलं बोलून दाखवायची मला सवय नव्हती. मी तक्ते दिले. त्यांच्या मागे माझा नकाशा जोडलेला होता. फीत घेऊन मोजलेला, प्रत्येक दार जागच्या जागी, प्रत्येक दारावर महापालिकेने घातलेला गेरूचा आकडा. नावं मी सगळी बदलली होती. आकडा एकही बदलला नव्हता.

यादी शाळेच्या भिंतीवर लागली तेव्हा दोनशे चौदा दारांची एकशे सत्त्याण्णव कुटुंबं झाली होती. त्रेसष्ट आणि चौसष्ट एका कंसात. कुटुंबप्रमुख गेनबा गाडेकर, माणसं सात, खोली एक.

मी धावतपळत वस्तीत गेले. सुंद्राबाई उंबऱ्यावर बसली होती. तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"आगं वहीवाले," ती म्हणाली, "तू तर राणी लिवलं हुतंस ना? मग त्यास्नी मी कशी घावली?"

मी नकाशाचं सांगितलं. तिला ते कळलं की नाही कोण जाणे. तिने फक्त विचारलं, "आता पुसता येतंय का?"

"हरकत घेता येते. साहेब येऊन बघून जातील. मी सांगेन त्यांना."

"काय सांगशील?"

"माझी चूक झाली म्हणून सांगेन."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि मला चहा पाजला. कप तिच्या हातात वाजत होता.

सोमवारी सकाळी दहाला पुनर्वसन अधिकारी हिरेमठसाहेब वस्तीत आले. बरोबर एक कारकून, आणि माझी लाज राखायला म्हणून मुजुमदारसर. साहेब वाईट माणूस नव्हता. उन्हाने बेजार झालेला, सतरा हरकतींमधली ही अकरावी, लवकर आटपायची त्याला घाई होती. सगळी गल्ली गोळा झाली. गेनबा आपल्या दारात हाताची घडी घालून उभा. ताठ म्हातारा, मिशा अजून काळ्या. त्याच्या मागे अंधारात कौशल्याबाई.

गंमत अशी, की हरकत गेनबाचीही होती.

"साहेब, त्या घराचा न आमचा काडीचा संबंध न्हाई," तो कडाडला. "एकोणीस वर्सं त्यांचं पाणी म्या पिलेलं न्हाई, आमचं त्यास्नी दिलेलं न्हाई. तिचं नाव माझ्या कागदात घालायचं न्हाई. इचारा समद्या गल्लीला."

गल्लीने माना डोलावल्या.

"मग हे काय?" साहेबांनी तक्ता पुढे केला. "इथे तर लिहिलंय, दोन्ही घरांचं अन्न एका चुलीवर. भिंतीतून." "खोटं हाय ते," गेनबा मधेच म्हणाला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "ही नोंद कोणाची?"

"माझी," मी म्हणाले.

"कशावरून केली मॅडम? बरोबर आहे का ही?"

कौशल्याबाई अंधारातून माझ्याकडे बघत होती. सुंद्राबाई उंबऱ्यावरून. 'चूक झाली माझी' एवढे तीन शब्द बोलायचे होते. रात्रभर मी ते घोकले होते. तेवढ्यात सर माझ्या कानाशी आले आणि अगदी मायेने म्हणाले, "रोहिणी, एक नोंद खोटी ठरली की सगळा प्रबंध खोटा ठरतो. सांभाळून."

मी सांभाळून बोलले.

"ती नोंद," मी म्हणाले, "त्या वेळच्या निरीक्षणावर आधारलेली आहे."

असलं वाक्य बोलायला आम्हाला वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं. त्यात खोटं काही नव्हतं आणि कुणाच्या उपयोगाचंही काही नव्हतं. सुंद्राबाईने मान खाली घातली.

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "मग असं करू. चूल वेगळी म्हणता ना बाई? दाखवा पेटवून. एक भाकरी करा आमच्यासमोर. मी लिहितो वेगळी. मिटलं काम."

गल्लीला हे एकदम पटलं. साहेब देवमाणूस आहे असंही कुणीतरी म्हणालं. खरं तर इतका साधा न्याय मी पुढे कुठल्या कचेरीत पाहिला नाही. भाकरी आली तर खोली.

सुंद्राबाई उठली. पदर खोचला. चूल पेटवली, ते तिच्या रोजच्या सवयीचं. मग परात घेतली. पीठ कुठून आणलं होतं देव जाणे, बहुधा कौशल्याबाईने आधल्या दिवशी विटेतून सारलं असेल. तिने पिठात पाणी घातलं आणि मळायला सुरुवात केली. दारात आम्ही दहा-बारा माणसं दाटीने उभी.

हात चालेनात. पीठ परातीबाहेर सांडू लागलं. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि दाबलं, तर दोन्ही हात कापू लागले. गोळा कसाबसा झाला. थापायला घेतला आणि तो कडेने फाटला. परत गोळा केला. पाणी जास्त पडलं. परत पीठ. परत फाटला. तिच्या कपाळावरून घाम परातीत पडत होता. "होतीया साहेब," ती म्हणाली, "जरा दम धरा, होतीया." तिसऱ्यांदा तिने फाटक्या कडांसकट ती भाकरी उचलली, तव्यापर्यंत नेली आणि ती मधोमध तुटून अर्धी विस्तवात पडली.

कौशल्याबाई पुढे झाली होती. उंबऱ्याशी येऊन ती थांबली, कारण तिचं एक बोट लागलं असतं तरी चूल एक झाली असती. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

आणि मी गेनबाकडे पाहिलं. शेजारी राहून त्याने एकोणीस वर्षांत भावजयीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. ते हात तो पहिल्यांदाच बघत होता. त्याची नजर हातांवरून पिठाकडे गेली, पिठावरून सावकाश बायकोच्या तोंडाकडे. चार वर्षांचा हिशेब त्याला तिथे उभ्याउभ्या लागला. मला वाटलं, आता हा बायकोला मारणार.

तो पुढे आला. चौसष्ट नंबरच्या उंबऱ्याच्या आत त्याने पाय टाकला.

"वहिनी," तो म्हणाला. "वहिनी, उठा आता. पुरं झालं." मग साहेबांकडे वळून, "न्हाई साहेब, तिची चूल येगळी न्हाई. ती आमच्यातच जेवती. माझ्या भावाची बायकू हाय ती. म्या माझी शपथ मोडली, लिवा तुमी."

गल्लीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. इस्माईल गिरणीवाला "या अल्ला" म्हणाला. सर माझा खांदा थोपटत होते. आणि माझ्या डोक्यात, लाज वाटते सांगायला, माझ्या डोक्यात आलं, की चौथ्या प्रकरणाला याहून चांगला शेवट सापडणार नाही.

साहेबांनी हायसं होऊन लेखणी काढली. "उत्तम. एकच कुटुंब. असं आधीच सांगायचं ना."

"नगा लिवू!" सुंद्राबाई ओरडली. पिठाने भरलेले हात पुढे करून ती गुडघ्यांवरच सरकत आली. "भावजी, तुमच्या पाया पडते, असं म्हणू नगा. साहेब, मी येगळी हाय. अजून एक करते. होतीया मला. मी येगळी हाय!"

"आता कशाला मानपान, वहिनी?" गेनबा तिला उठवत म्हणाला. तो रडत होता. "झालंगेलं गंगेला मिळालं. चला घरी."

"ऐक गं म्हातारे, नशीब उघडलं तुझं," गर्दीतून कुणी बाई म्हणाली, आणि सगळ्यांनी तिची समजूत घालायला सुरुवात केली. एवढ्या गलक्यात ती काय म्हणते आहे ते कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं. मला एकटीलाच ते कळत होतं, कडीचं मला एकटीलाच तिने सांगितलं होतं. कारकुनाने यादीवर शिक्का मारला तेव्हा मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

मला पदवी मिळाली. नोकरी मिळाली. ते चौथं प्रकरण पुढे मुलांना अभ्यासाला लावलं गेलं आणि अजूनही परीक्षेत त्यावर प्रश्न येतो.

सहा वर्षांनी माळावरच्या चाळींची पाहणी निघाली आणि मी ती मागून घेतली. एका उन्हाच्या दुपारी छापील फॉर्मांचा गठ्ठा घेऊन तिसऱ्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर चढले. दहा बाय बाराची खोली. कौशल्याबाई पार पिकली होती. गेनबा कोपऱ्यात खाटेवर. अर्धांगाने वाचा गेलेली, पण त्याने मला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे केलं. दोन मुलं, आता दोन सुना, तीन नातवंडं. ओवलेल्या मण्यांसारखी माणसं बसलेली. मी मनातल्या मनात मोजली. नऊ.

"सुंद्राबाई?" मी विचारलं.

कौशल्याबाईने मला बाहेरच्या गॅलरीत आणलं. कठड्याशी एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर वाळत घातलेली दुपटी.

"आत जागा कुठली? दोन सुना, त्यांचा संसार. हितं झोपायची ती. येणारंजाणारं तिला वलांडून जायचं. थंडीत म्हणलं आत ये, तर म्हणायची, तुमचं दार हाय, तुमी लावून घ्या. ह्यांनी तिला काही कमी केलं न्हाई बरं का. पयला घास तिला द्यायचे. पन ती खायाचीच न्हाई धड. दोन वर्सं काढली. मग एक दिवस नळावर गेली, ती आलीच न्हाई. चार गावं धुंडाळली पोरांनी. देवळं बघितली, सरकारी दवाखानं बघितलं."

"कधी?"

"चार वर्सं होतील आता चैतात."

 मी फॉर्म काढला, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. नाव, वय, नातं. शेवटच्या रकान्यात एकूण माणसं. मी नऊ लिहायला लेखणी टेकवली.

कौशल्याबाईने माझा हात धरला. तिला अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते.

"धा लिव."

"कौशल्याबाई, पण त्या..."

"म्हायती हाय मला. तू धा लिव. तिचं नाव घाल. उद्या आलीच तर हितं तिची जागा हाय का न्हाई, असं कुणी म्हणाया नको." त्या सोमवारी अंधारातून बघत होती तसं तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती दमणूक होती. "एवढं खोटं लिव की गं बाई माझ्यासाठी. काय व्हतंय तुझं?"

मी सुंद्राबाई धोंडिबा गाडेकर, वय अडुसष्ट, असं लिहिलं. पुढच्या रकान्यात 'राहते' लिहिलं. एकूण माणसं दहा. खाली सही केली.